कच्चं पाणी

त्या वर्षी वारा महिनाभर आधीच फिरला. जमिनीकडून यायचा तो समुद्राकडून यायला लागला, अंगाला चिकटायला लागला, आणि भर दुपारी मिठागरावरून ढगांच्या सावल्या सरकायला लागल्या. एक चांगली सर आली असती तरी चार महिन्यांचं मीठ जिथल्या तिथं विरघळलं असतं. अकरा घरं त्या मिठावर होती. एरवी आठवड्यातून एकदा तोंड दाखवणारा मुकादम आता दिवसातून दोनदा मोटरसायकलवरून बांधावर यायचा आणि गाडी बंद करायच्या आत विचारायचा, "पाणी झालं का?"

हा प्रश्न एकाच माणसाला विचारायचा असायचा. लांबून बघणाऱ्याला मिठागराचं काम सोपं वाटतं. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, ऊन त्याचं मीठ करतं, आपण ओढून ढीग घालायचा. एवढं सोपं असतं तर मुकादमाने स्वतःच केलं असतं. भरतीचं पाणी आधी मोठ्या वाफ्यांत घेऊन पंधरा-वीस दिवस पिकवावं लागतं. पिकलं की बांधाच्या तोंडाशी लावलेली फळी उचलून ते पाटाने मिठाच्या वाफ्यांत सोडायचं, तिथे खडे धरतात. पण सोडलेलं पाणी कच्चं असलं, तर ते मीठ देत तर नाहीच, उलट तळाशी धरलेलं मीठ खाऊन टाकतं. म्हणून पाणी पिकलं की नाही हे सांगायला मिठागरावर एकच माणूस असतो, आणि फळीजवळ उभं राहून त्याच्या शब्दावर कुणी शब्द टाकत नाही. दोघं दोन गोष्टी सांगायला लागले की वाफ्यात भांडणाशिवाय काही पिकत नाही.

इथे तो माणूस म्हणजे, जिची ही गोष्ट आहे त्या थोरलीचे वडील. तीस वर्षं ते पाणी बघत होते. लोक त्यांना पाणीवाले म्हणत. खरं नाव मुकादमाच्या वहीत होतं, ते तिथेच पडलेलं असायचं. बाकीच्यांच्या झोपड्या पत्र्याच्या होत्या, पाणीवाल्यांना मात्र फाटकाजवळ विटांची खोली होती, खोलीला खिडकी होती. ते बांधावरून चालत निघाले की पाटी घेऊन येणाऱ्या बाया बाजूला होऊन वाट देत. तिशीतल्या गड्यांनी विडी पाठीमागे लपवावी, असा त्यांचा मान होता.

आणि पाणीवाल्यांना दिसत नव्हतं.

उन्हात मिठाचं पांढरं इतकी वर्षं बघितलं की डोळे जातात, हे तिथल्या सगळ्यांना माहीत असतं, पण ते दुसऱ्याचे जातात असं प्रत्येकाला वाटतं. त्यांचे मधोमध गेले. समोर बघितलं की मध्ये धुकं, कडेकडेने थोडा उजेड, थोड्या हलत्या आकृत्या. ऊन चढलं की तेही नाही. हे त्यांनी बायकोला सांगितलं, आणि थोरलीला सांगावं लागलं, कारण चौदाव्या वर्षी तिला शाळेतून काढून सोबत घ्यायचं होतं. "सोबतीला येते माझ्या," एवढंच त्यांनी लोकांना सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन वर्षं ती मूठ थोरलीने झाकून धरली होती. पहाटे आणि चारच्या सुमाराला दोघं फेरीला निघत. तिने त्यांचा हात कधी धरला नाही. धरला असता तर लोकांना कळलं असतं. ती दोन पावलं पुढे चालायची आणि टाच जरा घासत चालायची, म्हणजे त्यांना बांध कुठे वळतो ते ऐकू यायचं. वाफ्याशी थांबली की ती बडबड केल्यासारखं करायची. "बाई गं, किती पिवळं पडलंय. कडेला मिठाची साय धरलीय बघा. तळ दिसत नाहीये आज." लांबून वाटावं, पोर वटवट करतेय आणि बाप ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. ते थोडा वेळ उभे राहायचे. कधी खाली बसून बोटं बुडवून ओठांना लावायचे; पण तेही फार वेळा करता येत नसे, दोन-तीनदा चाखलं की जीभ मरते. मग म्हणायचे, "परवा." किंवा म्हणायचे, "सोडा." आणि ते बरोबर निघायचं.

सोळाव्या वर्षी एवढा समंजसपणा कुठल्या पोरीत असतो? आई तिला पहिल्यांदा ताट वाढायची, ते काय उगीच नाही. धाकटा भाऊ शाळेतून येऊन दप्तर फेकायचा आणि ओरडा खायचा. थोरलीला ओरडायचं कुणाच्या मनातही येत नसे. पायाच्या भेगांत मीठ जाऊन रक्त यायचं, नडगीला बांधलेलं फडकं चरचरायचं, डोळे रात्रंदिवस लाल. एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. घरात सगळ्यांना वाटायचं, ही मोठी झाली. तिलाही वाटायचं. इथेच सगळ्यांचं चुकलं.

त्या दिवशी पाणीवाल्यांना ताप होता. चारची फेरी त्यांनी कशीबशी अर्धी केली आणि मधल्या बांधावर, गडी जमले होते तिथे, दगडावर टेकले. समोरच्या आठ मिठाच्या वाफ्यांत बोटभर जाड खडे धरले होते. त्यांना आता नवं पिकलं पाणी हवं होतं. ते यायचं शेवटच्या मोठ्या वाफ्यातून. तो वाफा पार रस्त्याच्या बाजूला, दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर.

"जा, बाळ, बघून ये," ते म्हणाले आणि मग गड्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बांधाला भोक पडलंय का बघ. पाणी मी सकाळीच बघितलंय."

ती निघाली. अर्ध्या वाटेवर गेली आणि रस्त्याच्या मोरीवर कुणीतरी हात हलवताना दिसलं. तिची वर्गातली मैत्रीण होती. चार वर्षं एका बाकावर बसलेली, एका पेन्सिलीचे दोन तुकडे करून वापरलेली. मैत्रीण शहरात नर्सिंग शिकायला निघाली होती. संध्याकाळच्या गाडीने जाणार, त्याआधी भेटायला आली होती. अंगात नवा पांढरा ड्रेस होता, शिवणीच्या दोऱ्याची टोकं अजून लोंबत होती.

"अगं, आजच घालून काय आलीस? मळेल की," थोरली म्हणाली.

"तुला दाखवायला. तिकडे कोण बघणारंय?"

दोघी मोरीवर बसल्या. मैत्रिणीने पंख्यांच्या मोठ्या खोलीचं सांगितलं, खाटांचं सांगितलं, तिला रक्त बघून चक्कर येते आणि ते कुणाला सांगायचं नाहीये तेही सांगितलं. दोघी इतक्या हसल्या की थोरलीच्या कोरड्या ओठांना चीर पडली. मग मैत्रीण तिच्या पायांकडे बघत म्हणाली, "आणि तू गं? तू काय करतेस इथे? पाटी वाहतेस?"

थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पाणी बघते. अकरा घरांचं पाणी मी बघते. मी बोलले नाही तर इथे एक फळी उचलली जात नाही. पण ते सांगायचं नव्हतं.

"हो," ती म्हणाली, "पाटी वाहते."

"वाटलंच," मैत्रीण म्हणाली. वाईट मनाने म्हणाली नाही, पण म्हणाली. मग उठून ड्रेसची मागची बाजू झटकली, थोरलीच्या गळ्यात पडली आणि गेली.

ऊन उतरलं होतं. शेवटचा वाफा तिथून दिसत होता, पण दिसत होता तो नुसता चकाकणारा पट्टा. अजून पाच मिनिटं चालायचं होतं. ती उभी राहिली. सकाळीच तर बघितलं होतं, सकाळी साय धरायला लागली होती, दिवसभराच्या उन्हात धरली असेलच की. आणि नाही धरली तरी काय? पाटी वाहणारीला कोण विचारतंय? ती तिथूनच मागे फिरली.

"काय गं?" पाणीवाल्यांनी विचारलं.

"भोकबिक काही नाही," ती म्हणाली आणि जवळ बसून हलक्या आवाजात म्हणाली, "पिवळं आहे. साय धरलीय. तळ दिसत नाही."

एरवी ते उठून स्वतः त्या फळीपर्यंत गेले असते. पण अंगात ताप होता, मुकादम मोटरसायकलवर बसल्या बसल्या आभाळाकडे बघत होता, आणि सांगणारी थोरली होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सोडा."

फळीवर बुटका गेला. त्याला बुटका म्हणायचे कारण तो सहा फूट उंच होता. लांब ढांगा टाकत गेला आणि फळी उचलली. त्याच दुपारी समुद्राकडच्या फाटकातून झिरपलेलं भरतीचं पाणी त्या वाफ्यात मिसळलं होतं, हे जवळ जाऊन बघितलं असतं तर लहान पोरालाही दिसलं असतं. बुटक्याला काही दिसलं असेल तरी तो बोलला नाही. बघणाऱ्याने बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठही वाफ्यांतलं मीठ गेलं.

फावडं ओढलं की खडखड वाजायला हवं, तिथे चिखलाचा पचपच आवाज यायला लागला. बायांनी पाट्या उपड्या घातल्या आणि बांधावर बसून राहिल्या. थोरलीची आई त्यांच्यातच होती. कुणी रडत नव्हतं. पंधरा दिवस सगळ्यांनी मिळून पायांनी तुडवून वाफ्यांचे तळ घट्ट केले होते, पाठी मोडल्या होत्या, आणि आता त्या तळावर राखाडी लगदा पडला होता. त्यातून पाय काढला की भोक पडत होतं.

मुकादम आला. गाडीवरून उतरून वाफ्यात गेला, बूट खराब झाले म्हणून आधी बुटांना शिव्या दिल्या, मग लगदा हातात घेऊन पिळला.

"पाणी कुणी बघितलं?"

"मी," पाणीवाले म्हणाले. ते बांधावर सरळ उभे होते. ताप उतरला होता, ओठ सुकले होते. "माझी चूक आहे. घाई झाली."

"घाई कुणी करायला सांगितली होती?"

त्याने स्वतःच सांगितली होती, हे सगळ्यांना माहीत होतं, पण मुकादमाला उत्तर नको होतं. तो पाच मिनिटं बोलला. पाणीवाल्यांनी मान खाली घालून ऐकलं. गड्यांना ते बघवेना. शेवटी बुटका म्हणाला, "साहेब, तीस वर्षांत एकदा चुकलंय. आमचं तर रोज चुकतं, ते तुम्ही रोज सांगताच की."

एक-दोघं हसले. मुकादमाच्याही तोंडावरचा ताण जरा सैलावला. तीस वर्षांत एकदा, हे त्यालाही मान्य होतं. दुसरा पाणीवाला शोधायचा तर कुठे शोधणार होता? प्रकरण तिथेच मिटत होतं. चार वाफ्यांचं मीठ अजून शाबूत होतं, ढग पुढे सरकले होते. दोन दिवसांनी लोकांनी हे चहा पिताना एक आठवण म्हणून सांगितलं असतं.

जाता जाता मुकादमाची नजर थोरलीवर पडली. राग थोडा उरला होता, तो कुठेतरी टाकायचा होता.

"आणि ही पोर काय तुमच्या मागेमागे नुसती हिंडते? एवढी घोडी झाली. पाटी द्या हिच्या डोक्यावर."

"देतो," पाणीवाले घाईने म्हणाले. "उद्यापासून पाटी उचलेल. तशीही तिला यातलं काय कळतंय?"

ते असं का म्हणाले, हे आज तिला लख्ख कळतं. मुकादमाची नजर तिच्यावरून उठवायची होती. शेवटच्या वाफ्याकडे काल कोण गेलं होतं, हे कुणाच्या लक्षात यायच्या आत तिला तिथून काढायचं होतं. पदराखाली घेतात तसं त्यांनी तिला त्या एका वाक्याखाली घेतलं होतं. पण तेव्हा तिला तसं काही वाटलं नाही. तिच्या कानात फक्त 'काय कळतंय' एवढंच गेलं, आणि मोरीवरचं 'वाटलंच' त्यावर जाऊन बसलं.

"त्यांना दिसतच नाही!" ती ओरडली.

बांधावर बसलेली आई उठून उभी राहिली.

"दोन वर्षं झाली, काही दिसत नाही त्यांना. पाणी मी बघते. मीच बघते! मी सांगते तेव्हा ते सोडा म्हणतात. विचारा त्यांना!"

बोलताना तिला काय वाटत होतं ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. तिला वाटत होतं, आपण खरं बोलतोय. आपण आता मोठ्या माणसासारखं सगळ्यांसमोर उभं राहून खरं बोलतोय. भीती होती, पण भीतीपेक्षा आनंद जास्त होता. सगळे तिच्याकडे बघत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा सगळे तिच्याकडे बघत होते. आणि एवढं सगळं खरं बोलताना एक खरं तेवढं ती बोलली नाही. आपण शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलोच नव्हतो, हे तिने सांगितलं नाही. स्वतःची चूक पोटात ठेवली आणि बापाचं गुपित चव्हाट्यावर मांडलं.

मुकादम सावकाश पाणीवाल्यांच्या समोर आला. खिशातून गाडीची किल्ली काढून त्याने तळहातावर ठेवली आणि हात त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे?"

पाणीवाल्यांनी मान थोडी तिरपी केली, कडेच्या उजेडात काही सापडतं का बघितलं. त्यांचे डोळे लवत होते. वेळ लागला. तेवढ्या वेळात कुणीही खोकलं असतं, 'किल्ली' असं पुटपुटलं असतं, तर बरं झालं असतं. पण सगळे गडी त्या हाताकडे बघत राहिले.

"मीठ," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. बुटक्याने तोंड फिरवलं. मुकादमाने मूठ मिटून किल्ली खिशात टाकली, आणि त्यालाही थोडी लाज वाटली असावी, कारण तो एकदम कामाचं बोलायला लागला. आंधळ्याच्या हातात अकरा घरांचं पाणी होतं, तरी आठच वाफे गेले, नशीब म्हणायचं, असं म्हणाला. म्हणजे सगळा दोष डोळ्यांवर गेला. कुणी पुढे विचारलंच नाही.

"उद्यापासून पाणी ही बघेल," तो थोरलीकडे बोट करून म्हणाला. "डोळे चांगले आहेत हिचे. तोंड तर त्याहून चांगलं आहे. खोली तुमची तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही फळीवर उभे राहा, फळी उचलायला डोळे लागत नाहीत."

घरी आईने ताटं वाढली. त्या दिवशी थोरलीचं ताट पहिलं वाढलं नाही, शेवटीही वाढलं नाही. मध्येच कधीतरी सरकवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"खरंच बोललीस ना?" आई म्हणाली. "मग रडतेस कशाला? जेव."

धाकटा एकदा हिच्याकडे, एकदा बापाकडे बघत होता. पाणीवाले भिंतीला टेकून जेवत होते. घरात ते नेहमी चाचपतच जेवत. वाटी कुठे आहे ते बोटांनी शोधत. जेवण झालं, हात धुतला, आणि मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"शेवटच्या वाफ्यापर्यंत गेली होतीस का गं तू?"

आवाज चढलेला नव्हता. साध्या चौकशीचा आवाज होता. दार उघडून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं होतं; नुसतं 'नाही' म्हणून आत यायचं होतं. आई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

"गेले होते," थोरली म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच फेरीला निघाली. टाच घासायची गरज नव्हती, तरी पाय घासलाच जात होता. बांधावर बाया पाट्या घेऊन येत होत्या. त्या बाजूला झाल्या आणि तिला वाट दिली. सोळा वर्षांच्या पोरीला वाट दिली, आणि एकीनेही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. हवं होतं ते मिळालं होतं. पण ते असं मिळालं की हातात धरवेना.

मधल्या मोठ्या वाफ्याच्या फळीशी गडी थांबले होते. खराब झालेले वाफे त्यांनी आदल्या संध्याकाळपासून उपसून काढले होते, गुडघ्यापर्यंत राखाडी झाले होते. मुकादम गाडीवर बसला होता. फळीशेजारी पाणीवाले उभे होते, कपाळाला फडकं बांधून, इतर गड्यांसारखेच लंगोट लावून. त्यांना उघड्या मांड्यांनी मिठागरावर उभं राहिलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. मांड्या बारीक झाल्या होत्या.

"पाणी झालं का?" मुकादमाने विचारलं.

थोरली वाफ्याच्या कडेला गेली. पाणी पिवळसर होतं. कडेला साय होती, पण वाऱ्याने एका बाजूला लोटलेली. तळ एका ठिकाणी दिसत होता, एका ठिकाणी नव्हता. हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. आणि पुढे काय, ते तिला येत नव्हतं.

दोन वर्षं ती रंग सांगत आली होती. सांगून झालं की बाबा थोडा वेळ गप्प उभे राहायचे, आणि तिला वाटायचं ते नुसते उभे आहेत, काम तर आपण केलं. त्या थोड्या वेळात ते काय करायचे? वारा कुठून होता ते धरायचे, चार दिवसांचं ऊन मोजायचे, मागची भरती किती आत आली होती ते आठवायचे, तीस वर्षांतल्या कुठल्या पाण्यासारखं हे पाणी आहे ते शोधायचे. तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरज वाटली नव्हती. आपण डोळे होतो, आणि डोळ्यांना वाटत होतं, बघणारे आपणच.

"झालं का?" मुकादमाने परत विचारलं.

ती वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा."

पाणीवाल्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं.

"मला दिसत नाही, बाळ," ते म्हणाले.

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला रडता येतं, उलट बोलता येतं. ते नुसतं सांगत होते. काल तिने जे सांगितलं, तेच ते आज सांगत होते.

मुकादमाने आभाळाकडे बघितलं. गडी फावड्यांवर हनुवट्या टेकून उभे होते. साय धरलीय म्हणजे पिकलंच असेल, असं थोरलीने स्वतःला सांगितलं.

"सोडा," ती म्हणाली.

पाणीवाले खाली बसले आणि फळी शोधायला लागले. आदल्या दिवसापर्यंत हेच बाबा बांधावरून पावलं मोजत असे चालायचे की कुणाला शंका येऊ नये. पडले असते पण चाचपडले नसते. आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि चिखलात, दगडावर, हवेत, सगळ्यांच्या देखत चाचपडले. हात फळीच्या वीतभर अलीकडे फिरत होते. बुटका पुढे झाला, त्याने त्यांचं मनगट धरलं आणि फळीच्या कडेवर नेऊन ठेवलं. "इथं, पाणीवाले," तो म्हणाला आणि मग त्याने जीभ चावली.

फळी उचलण्याआधी पाणीवाल्यांनी बोटं पाण्यात बुडवली आणि ओठांना लावली. सवयीनेच लावली असतील. क्षणभर ते थांबले. थोरली चार हातांवर होती. तिला त्यांचा जबडा हललेला दिसला. मग ते बाजूला थुंकले, दोन्ही हातांनी फळी धरली आणि वर घेतली. पाणी पाटात धावायला लागलं.

ते पाणी पिकायला अजून दोन दिवस हवे होते. उरलेल्या चारांपैकी दोन वाफे त्यात गेले. नवी आहे, पोर आहे, असं म्हणून मुकादमाने सांभाळून घेतलं, आणि पुढे ती शिकली. वाफे बिघडवत बिघडवत, आठ-दहा वर्षांत खरोखर शिकली. आज तिच्या शब्दावर कुणी शब्द टाकत नाही. पाणीवाले त्यानंतर नऊ वर्षं फळीवर होते. तिने सोडा म्हटलं की प्रत्येक वेळी बोटं बुडवून चाखायचे आणि प्रत्येक वेळी, पाणी कसंही असलं तरी, फळी उचलायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी ती का उचलली? फळीपाशी बघणाऱ्याच्या शब्दावर शब्द टाकायचा नाही म्हणून? सगळ्यांसमोर लेकीची फजिती नको म्हणून? की भोग आता, असं त्यांच्या मनात आलं होतं? हे तिला त्यांना विचारायचं होतं. नऊ वर्षांत विचारायला वेळ मिळाला नाही असं नाही. दोघं एकाच खोलीत राहत होते, संध्याकाळी ते खिडकीशी बसायचे, ती त्यांच्या पायांच्या भेगांना तेल लावायची. पण ते विचारायचं तर आधी शेवटच्या वाफ्याचं खरं सांगावं लागलं असतं, आणि ते तिला शेवटपर्यंत जमलं नाही.